बांड्याला माती

गिधाडं ऐनाच्या उंच झाडावर येऊन बसली होती. त्यातलं एक खाली उतरून, पंख अर्धे पसरून, मेलेल्या बैलाकडं उड्या मारत निघालं होतं. गुणाबाई धावतच आली आणि तिनं पहिला दगड त्यालाच भिरकावला.

मुखरू चक्रावला. शेजारधर्म म्हणून त्यानंच थोड्या वेळापूर्वी ट्रॅक्टरला दोर बांधून तिच्या या बैलाला, बांड्याला, इथवर ओढत आणलं होतं. गावातली मेलेली ढोरं इथंच, रानाच्या कडेला टाकायची. गिधाडं परतून यावीत म्हणून गावानं तसं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला होता तो गुणाबाईनं.

"बाई, काऊन मारून राह्यल्या त्याइले? तुमीच तं म्हणता, खाऊ द्या."

"याले नाई खाऊ द्याचं!"

तिनं मूठ उघडली. आत काचेची लहानशी बाटली होती. गोठा झाडताना गव्हाणीखाली सापडलेली. सुनेनं, मयुरीनं, तिच्यावरचं नाव वाचून दाखवलं होतं आणि गुणाबाईनं केरसुणी तिथंच टाकली होती. डायक्लोफिनॅक. ढोरांना द्यायला बंदी असलेलं औषध. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की दोन-चार दिवसांत गिधाडं झाडावरच माना टाकतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

मुखरूनं बाटली उलटीपालटी करून पाहिली. मग त्यानंही एक दगड उचलला, आणि दुसऱ्या हातानं हेमराजला फोन लावला.

ऊन चढत गेलं. हाकललेली गिधाडं या फांदीवरून त्या फांदीवर जात, पण झाड सोडत नव्हती. कुठून तरी दोन कुत्रीही आली. त्यांना पाहून गुणाबाईच्या अंगाची आग झाली. आभाळात एकही गिधाड दिसत नव्हतं, ते दिवस ती विसरली नव्हती. ढोरं उघड्यावर सडत पडायची, वास गावापर्यंत यायचा, आणि आयत्या मांसावर माजलेली कुत्री मग शेळ्यांवर नि पोरांवर धावून जायची. गावातल्या कांताच्या पोरीच्या दंडावर त्या दातांचे वण अजून आहेत.

हेमराज मोटरसायकलवरून आला, मागं औषधांची पेटी बांधून. तो काही शिकलेला डॉक्टर नव्हता, पण आजूबाजूच्या गावांतल्या ढोरांना सुया तोच टोचायचा. सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

"एवढ्यासाठी बोलावलं?" तो हसला. "बाई, बैल तळमळून राह्यला होता. तुमीच म्हणल्या, कायबी करा पन त्याचं दुखनं थांबवा. थांबलं का नाई?"

गुणाबाईचा दगड उगारलेला हात खाली आला. ते खोटं नव्हतं. बांड्याचं डोकं मांडीवर घेऊन ती तसंच म्हणाली होती.

"म्हनलं मी," ती म्हणाली. "पन मले वाचता येत नाई. तुले येते. दुसरं औषध नाई का, पाखराइले न मारनारं?"

"आहे न. पन हे झटक्यात लागू पडते. लोकाइले तेच पायजे." त्यानं झाडाकडं हात उडवला. "पाखरंच तं आहेत, बाई. मानसं थोडीच मरून राह्यले?"

मयुरी कुदळ-फावडी घेऊन येऊन उभी होती. गुणाबाईनं तिच्या हातातली कुदळ घेतली आणि हेमराजच्या छातीशी टेकवली.

"खोद."

"मी?"

"ज्या हातानं टोचलं, त्याच हातानं खोद."

हेमराज मोटरसायकलकडं वळला. किल्ली मुखरूच्या खिशात गेली होती.

खड्डा झाला तेव्हा दुपार कलली होती. हेमराजचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. चौघांनी मिळून बांड्याला आत लोटलं. गुणाबाई खाली वाकली, त्याच्या वशिंडावरून एकदा हात फिरवला, आणि सगळ्यांच्या आधी माती लोटायला लागली. वर दगड रचले, बोरीचे काटे टाकले.

झाडावर हालचाल झाली. एक गिधाड उडालं, मग दुसरं, मग सगळीच. घिरट्या घेत उंच गेली आणि नदीकडं वळली.

"उपाशीच गेले, आई," मयुरी म्हणाली.

"जाऊ दे. जित्ते तं गेले." गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुसता पुसता थांबली. "हेमराज, नदीपल्याडच्या गावात बी तूच जातं न टोचाले?"

हेमराज हातावरची माती झाडत राहिला.

"काल कोनाचं ढोर पाह्यलं तिकडं? बोल न रे!"

हेमराजनं नदीकडं पाहिलं, म्हणून मग बाकीच्यांनीही पाहिलं. नदीपल्याड, दूरच्या रानावर, गिधाडं एकेक करून खाली उतरत होती.