फरशीवरची उडी

दिनकररावांनी दोन उलट्या बादल्यांवरचा झाडूचा दांडा उचलला आणि सरळ हॉलच्या फरशीवर ठेवून दिला. चिंगीच्या कमरेला आता उडी झेपायची नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं.

चिंगीला ते कोण सांगणार? मुलीने स्पर्धेसाठी घरातच तयार केलेली कुत्री ती. सवयीने दारापर्यंत मागे गेली, दुडक्या चालीने आली आणि दांड्यावरून उडाली. उडाली कसली, जेमतेम पाय उचलले. तरी दिनकररावांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. मेलबर्नहून मुलगी.

"बाबा, चिंगी अजून उड्या मारते?"

"मारते की! आत्ताच मारली."

"आणि तुमचे गुडघे?"

"त्यांना काय धाड भरलीये?"

"हुश्श, सुटले बाई! तुमच्या दोघांच्या काळजीने दिवाळीचं तिकीट काढणार होते. आता पुढच्या वर्षीच येते."

"हो," ते म्हणाले, "सावकाश ये."

फोन ठेवून दिनकरराव भिंत धरत हॉलमध्ये आले. चिंगी दांड्यापलीकडे बिस्किटासाठी थांबली होती. त्यांनी आधी एक पाय उचलला, जरा दम खाऊन दुसरा, आणि दांडा ओलांडला.

चिंगीने शेपूट हलवलं.