दुसरा ब्रेक

काठी टेकत एक आजोबा अचानक आडवे आले. मास्तरांनी पाय आपटला. गाडी आजोबांपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"पाहिलंत?" मास्तर मागे वळून म्हणाले. "मी ब्रेक दाबला म्हणून वाचले!"

मागच्या सीटवर ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई होत्या. बायकांच्या बॅचला शिकवायला त्यांना बाई हवी होती आणि मास्तरांच्या बायकोनं अर्ज केला होता. आज तिची परीक्षा, म्हणून स्टिअरिंगवर ती. मास्तर त्याच स्कूलमध्ये शिकवायचे, पण आज त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून शेजारी येऊन बसले होते, म्हणे तिला धीर द्यायला. गाडी घरचीच, स्कूलनं मोडीत काढलेली. शिकवणाऱ्याच्या पायाखालचा जादा ब्रेक मास्तरांनी मुद्दाम तसाच ठेवला होता.

मास्तर समानतेचे मोठे भोक्ते. नवरा-बायको म्हणजे संसाराच्या गाडीची दोन चाकं, हे त्यांनी इतक्या लग्नांत ऐकवलं होतं की फोटोवाल्यांनाही पाठ झालं होतं. घरची गाडी बायकोच चालवायची. भाजी, दवाखाना, गॅरेज, सगळं तिच्याकडे. गॅरेजमध्ये कपड्यांना ग्रीस लागतं, त्यामुळे तिथं मास्तरांची समानता फारच उदार. फक्त रस्त्यावर तिनं जरा वेग घेतला की शेजारून पाय पडायचा. "काळजी वाटते म्हणून दाबतो गं," असं वर ऐकवायचे. बारा वर्षं तिच्या मानेला हिसके बसले. असल्या प्रेमाला सभ्य शब्द सापडत नाही. अलीकडे हिसके थांबले होते. त्याचंही श्रेय मास्तरांनीच घेतलं. आपल्या पायाला आता सफाई आलीय, म्हणाले.

"हात चांगलाय हिचा," मास्तर आता मालकीणबाईंना समजावत होते. "पण बॅच एकटीवर सोपवू नका. मी शेजारी असेन. स्टिअरिंग हिचं, ब्रेक माझा. बरोबरीचं काम!"

मालकीणबाईंनी अर्जाची घडी घातली.

"ब्रेक यांनीच दाबायचा असेल तर बाई, तुम्हाला कशाला घेऊ?"

बायकोनं हँडब्रेक ओढला. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या पॅडलला नुसती स्प्रिंग आहे," ती म्हणाली. "तार मी गॅरेजमध्ये काढून टाकायला लावली. तीन महिने झाले, हे नुसतेच पाय आपटताहेत."