खिडकीजवळचा बाक

"हॅट," हेमराज म्हणाला आणि त्याने डोक्यावर पंजा ठेवला. सहा वर्षांच्या नूतनने वहीत तीन इंग्रजी अक्षरं लिहिली आणि समोर टोपीचं चित्र काढलं. बमरोलीच्या कामगार वस्तीत हॅट घालून फिरणारा माणूस बापलेकींनी कधी पाहिला नव्हता, पण पुस्तकात होती म्हणजे शिकणं भाग होतं.

"मॅट." त्याने तळहात सपाट धरला. चटई आली. "बॅट." हात फिरवला. तीही आली. मग कॅट, रॅट, फॅट. शेवटची दोन अक्षरं सारखी असलेले दहा शब्द, दहाही बरोबर.

भिंतीपलीकडे कापड कारखान्याचे माग धडधडत होते. गाव सोडून आल्यापासून, पंधरा वर्षं, हेमराज त्या मागांवर होता आणि त्याची बायको छाया तिथेच बॉबिनवर दोरा भरायची. त्या गोंगाटात आवाज चढवून उपयोग नसतो. माणसं ओठ मोठाले हलवतात, हातवारे करतात आणि त्यातच भांडणंसुद्धा उरकतात. ती खोड दोघांबरोबर घरी आली होती. चहा हवा का, हेही छाया बोटांनीच विचारायची. नूतन लहानपणी बडबडी होती. दोन वर्षांपूर्वी मोठ्या तापातून उठली तेव्हापासून जरा अबोल झाली होती, पण शहाणी झाली म्हणून सगळे खूशच होते.

"मंग शाळामा का बरं येत नही इले?" छायाने विचारलं.

मागच्या चाचणीत नूतनचे दहापैकी तीनच शब्द बरोबर आले होते. बाकीच्या सात जागा कोऱ्या. आज दुपारी फेरचाचणी होती. सात शब्द आले नाहीत तर मुलीला या शाळेतून काढून दुसरीकडे घाला, असं शाळेने स्पष्ट कळवलं होतं. नूतन शिकेल आणि मागांच्या धुळीतून सुटेल, या एका आशेवर हेमराज दिवस ढकलत होता.

"घरमा तिले समदं येस," तो म्हणाला. "ती शाळानी बाईच आपला लोकेसना पोरेसले मांगे टाकस. आज मी सोता बठसू तठे."

नूतनने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. बापाशी काही काम असलं की ती असंच करायची. हेमराजला या सवयीचं फार कौतुक वाटे.

दुपारी शाळेत वर्गशिक्षिका चंचलबेन थकलेल्या दिसत होत्या. "बैठो भाई, पण बीच में बोलना नहीं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फळ्याजवळचं स्टूल दाखवलं.

नूतन समोर पहिल्याच बाकावर, खिडकीला लागून बसली. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर शाळेची विजेची घंटा होती.

"उधर कोई बैठता नहीं, घंटी से सब रोते हैं," चंचलबेन कौतुकाने म्हणाल्या. "आपकी बेटी ने कभी शिकायत नहीं की."

नको असलेली जागा बरोबर आपल्याच पोरीच्या वाट्याला, हेमराजच्या मनात आलं.

फेरचाचणीला आणखी दोन मुलं होती, मागच्या बाकांवर. मुलं एकमेकांचं बघून लिहितात म्हणून चंचलबेन बहुतेक वेळ पाठीमागे फिरत शब्द सांगायच्या.

"कॅट."

मागे पेन्सिली चालू लागल्या. नूतन हेमराजकडे बघत बसली.

"बॅट."

दुसरी जागाही कोरी राहिली. सकाळी घडाघडा लिहिणारी पोर आता भिंतीसारखी बसली होती. घाबरली असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण ती घाबरलेली दिसत नव्हती. नुसती वाट बघत होती.

"हॅट."

हेमराजला राहवलं नाही. त्याने आवाज न करता ओठ हलवले आणि केस सारखे केल्यासारखा डोक्यावर हात नेला. नूतनची पेन्सिल लगेच चालली. टोपीसुद्धा झाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकाच्या कापडातला एक दोरा त्याने कधी घरी आणला नव्हता, आणि आज पोरीसमोर लबाडी करत होता. तरी पुढच्या शब्दाला ओठ हलले. त्याच्या पुढच्यालाही. फॅट, सॅट, पॅट, व्हॅट, चॅट सगळे बरोबर. सहा झाले. आता एकच हवा होता.

तेवढ्यात चंचलबेननी मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिलं. हेमराजने ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीखाली दाबले.

"रॅट," त्या म्हणाल्या.

नूतन हलली नाही.

"नूतन, रॅट." त्या तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "रॅट, बेटा, रॅट."

लांब शेपटीचा उंदीर सकाळी हिनेच काढला होता. हेमराजला पोरीचा विलक्षण राग आला. बापाने सगळं भरवावं अशी हिची इच्छा, त्याला वाटलं. आजपासून लाड बंद. नववी जागा कोरी राहिली.

"चलो, लास्ट," चंचलबेन कागद बघत मागे वळल्या. त्यांची पाठ फिरली होती. सकाळच्या दहा शब्दांपैकी आता मॅटच उरला होता, हे हेमराजला ठाऊक होतं. त्याने मांडीखालचा हात मोकळा केला.

आणि खिडकीबाहेरची घंटा वाजली. पंधरा वर्षं मागांचा आवाज पचवलेला हेमराजसुद्धा स्टुलावरून उठला. त्याचे हात कानांवर गेले. मागची दोन पोरं कानांत बोटं घालून दाराकडे पळाली. चंचलबेननी डोळे गच्च मिटले.

नूतनची पापणीही लवली नाही. पेन्सिल दहाव्या जागेवर टेकवून ती बापाचे ओठ हलायची वाट बघत होती.