नव्या लॅपटॉपवरचं ‘श्री’

“ह्याचंही पेन भिकारच दिलंय,” शार्दूल माझ्या कानाशी कुरकुरला.

आजारात वाचा गेल्यापासून त्याचे बाबा आमच्याशी लॅपटॉपवरच बोलत. स्क्रीन फिरवून पाटीसारखी आडवी करायची आणि पेनने लिहायचं. अलीकडे अक्षरं फाटायला लागली, म्हणून लेकाने ठाण्याहून नवं मॉडेल आणलं. मी हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी ‘श्री’ लिहायला घेतलं, तर उमटल्या नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

“समोरच्या कापड कारखान्यातले लूम सुरू झाले ना, व्होल्टेज पडलं असेल,” आसावरी, आमची सून, म्हणाली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, तरी मीही मान डोलावली.

मग तिने सहज पेन घेऊन लिहून पाहिलं. मोत्यासारखं ‘श्री’ उमटलं. तिने घाईघाईने ते पुसून टाकलं.

“सेटिंगचा घोळ आहे. रीस्टार्ट करतो,” शार्दूल म्हणाला.

हे माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “आधीचाही चांगलाच होता. आजार आता ह्यांच्या हातात उतरलाय.”