शकुनबाईचं खळं

नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात थ्रेशर आल्यापासून खळ्याचं काम उरलं नव्हतं. तरी शकुनबाई आपलं खळं रोज सकाळी शेणानं सारवायची. तिचा सागर बंगळुरूला नव्या जेट विमानाचा चाचणी पायलट होता. "आये, हे विमान सरळ वर जाते अन् सरळ खाली येते. तुया खळ्यात बी उतरवीन," असं तो सांगून गेला होता.

गेल्या काही दिवसांपासून न्याहारीच्या वेळी खळ्याकाठचं कुटार, मळणीचा उरलेला भुसा, चहूकडं उडायचं, वरून कोणी फुंकर मारावी तसं. आवाज नाही, आभाळात काही नाही. शकुनबाई हसून चुलीवर तवा ठेवायची. "आला माहा राजा!"

आज तवा तापला अन् सागरचाच फोन आला.

"आये, आज ते विमान पहिल्यांदाच उडवून राहिलो. आशीर्वाद दे."

शकुनबाईनं खळ्याकडं पाहिलं. कुटार खाली बसत होतं. ओल्या सारवणावर अनवाणी पावलं उमटत तिच्याकडं येत होती. खळ्यात जोडे घालून येऊ नये, हे घरच्या माणसालाच ठाऊक. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. सागरची लहानपणी विळ्यानं गेली होती.

"आये, आयकून राहिली ना?"

पावलं चुलीपाशी येऊन थांबली.

शकुनबाईनं फोन पदराखाली झाकला, अन् भाकरीचं ताट पुढं सरकवलं.