बिनबटणाचं ॲप

मी बनवलेल्या ॲपवर एकट्या राहणाऱ्या आईने रोज सकाळी आठला ‘मी बरी आहे’ हे बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पण ती सारखी विसरायची. मग माझा जीव टांगणीला, मीटिंग अर्धी टाकून तिला फोन!

शेवटी ताओ या चिनी तत्त्वज्ञानातला विचार मनावर घेतला: माणसाने काही न करता काम आपसूक व्हावं. बटणच काढून टाकलं. आता ती सकाळी स्वयंपाकघरातला, ॲपला जोडलेला दिवा लावते आणि मला निरोप आपोआप येतो. महिनाभर एकदाही चुकला नाही.

काल घरी गेलो, तर ती नुसती येरझाऱ्या घालत होती.

“ते बटण परत बसव.”

“अगं, आता तुला काहीच करावं लागत नाही ना?”

 

“विसरताही येत नाही रे. मग तुझा फोन येणार कसा?”