बिनसावलीची दुपार

हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, गावची पाटीलकी गेली आणि हिम्मतराव नोकरीच्या परीक्षेसाठी हैदराबादेत आला. भूगोल शिकायचा तर चिक्कडपल्लीच्या दौलत मास्तरांकडेच जा, असं जो तो म्हणे. लहानपणी पाण्याच्या घागरीवर सावली पडली म्हणून आपल्याच गावच्या याच दौलतला हिम्मतरावाने चिंचेच्या फोकाने फोडून काढलं होतं.

"झालं गेलं विसरा मास्तर, मला वर्गात घ्या," हिम्मतराव हात जोडून म्हणाला.

"गुरुवारी भर दुपारी या," एवढंच मास्तर बोलले.

गुरुवारी मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात मास्तर सगळा वर्ग घेऊन अंगणात उभे होते. त्यांनी हिम्मतरावाला अगदी जवळ बोलावलं.

"बघा, माझी सावली कुठं पडलीय?"

"कुठंच नाही की, मास्तर!"

"हौ. वर्षातून दोनच दिवस इथं सूर्य ऐन माथ्यावर येतो अन् सावली पायाखाली जाते. शिकलात?"

"शिकलो, मास्तर," म्हणत हिम्मतराव पाया पडायला वाकला.

मास्तरांनी पाय मागे घेतले.


"मग आता फाटकाबाहेर व्हा. सूर्य कलला की ती पुन्हा पडेल, तुम्हाला विटाळ नको."